गालासकट

भाऊराया,

तुझा फोन आला तेव्हा खिडक्यांना काळं कापड लावून मी अंधारात बसले होते. तू म्हणालास, "ताई, डॉक्टरांनीच उजेडात जाऊ नको म्हटलंय ना? मग माझ्या पोरीच्या लग्नाला नाही आलीस तरी कोणी नावं ठेवणार नाही." किती सोय झाली रे तुझी!

डॉक्टर नेमकं काय म्हणाल्या, ते तू विचारलंच नाहीस. शिरेतून दिलेलं ते औषध धातूपासून बनवलेलं. अंगभर पसरतं, पण अंधारात कुंभकर्णासारखं झोपून राहतं. गालावरच्या कॅन्सरच्या गाठीवर लाल उजेड सोडला, की तिथल्या तिथे जागं होतं आणि तिच्या मुळावर उठतं. उरलेलं औषध अंगातून जाईपर्यंत उन्हाने कातडी भाजू नये, एवढ्यासाठीच तो अंधार होता.

काल डॉक्टरांनी मला हात उन्हात धरायला लावला. कातडी लालसुद्धा झाली नाही. घरी येऊन मी ते कापड उतरवलं, फाडलं आणि त्यानेच फरशी पुसली.

गाठ गेली, पण जाताना गालाचा लचका घेऊन गेली. हसले की तोंड वाकडं होतं. होऊ दे. पोरीचा पहिला फ्रॉक मी शिवलाय, तिच्या लग्नात मी हसणारच.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर मला अडवायला तुला वेळ मिळेल. सरळ हॉलवर येते आणि पहिल्या रांगेत बसते. फोटोवाल्याला मीच सांगेन, फ्लॅश मारताना हात आखडता घेऊ नकोस.

गालासकट येणारी,
तुझी ताई