छत्रीवर चाललेलं ऑफिस

गुरुवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंडाचा पट्टा चालूच आहे.

पत्राला तसं काही कारण नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, यावरून डोक्याचा नुसता भुगा झालाय. तीन विक्रेते येऊन गेले. एकाचं दरमहा भाडं. दुसऱ्याचं एकदाच घ्या, पण सहाच जणांना चालेल. तिसऱ्याचं फुकट, फक्त सांभाळायला माहितगार माणूस हवा! अरे, एकाने नकाशा उघडला की दुसऱ्याला तो बदलता येऊ नये, एवढंच मागतेय मी. त्यावर तासभर भाषण!

हो, अजून छत्रीच चालू होती. मोठा नकाशा ज्याने उघडला, त्याच्या खुर्चीला छत्री अडकवायची; ती दिसेपर्यंत बाकीच्यांनी त्या नकाशाला हात लावायचा नाही. गेल्या आठवड्यात आपला ड्राफ्ट्समन शाळेचा नकाशा उघडा ठेवून बाहेर गेला. ऊन होतं, म्हणून छत्री घेऊन! खुर्ची मोकळी दिसली, मी माझ्या कॉम्प्युटरवर अख्खा जिना दुरुस्त केला. त्याने येऊन आपली जुनी प्रत त्यावर सेव्ह केली आणि तीच बांधकामावर गेली. बांधलेल्या पाच पायऱ्या फोडाव्या लागल्या. मिस्त्री काय काय बोलला, ते लिहीत नाही.

काल तिसऱ्या विक्रेत्याने सर्व्हरच्या डुगडुगत्या टेबलाखालून कागदाची घडी काढली. तुझा कागद. हीच तीन सॉफ्टवेअर, प्रत्येकाचे फायदे-तोटे, आणि खाली, "फुकटचं घेऊ, मी सांभाळीन." वाचून तो म्हणाला, "हा माणूस असताना मला कशाला बोलावलंत?"

मी म्हटलं, तो बाहेरगावी असतो.

का असतो, ते नाही सांगितलं. तो कागद तुझ्या डोळ्यांदेखत मीच टेबलाच्या पायाखाली सारला होता. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "बारा वर्षं छत्रीवर चाललंय, तुझ्या शहाणपणावाचून काही अडत नाही." तू डबा उचलून निघून गेलास. दीड वर्ष झालं. राग आहे म्हणून फोन करत नाही, असं आईला सांगते. खरं म्हणजे लाज वाटते रे.

शनिवारी निर्णय कळवायचाय. फुकटचंच घेतेय. तू आला नाहीस तरी घेणार, कारण तुझंच बरोबर होतं. पण तू ये.

टेबल डुगडुगतंय. खाली दुसरं काही घातलेलं नाही.

सगळ्यांसमोर बोलले होते, माफीही सगळ्यांसमोरच मागेन.

तुझी,
चुकलेली ताई