आर्डिथची न तपासलेली पाने

मी, ऑरिन टेस्की, राहणार हार्लो, बेकेट काउंटी, आयोवा, हार्लोच्या हायस्कुलातून निवृत्त झालेला सुतारकामाचा शिक्षक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे काही कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी दोनदा सांगितले, म्हणून मी लिहायला बसलो.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझी पत्नी आर्डिथ हिला दिले होते. ती गेल्या मार्चमध्ये वारली.

वकील प्रुइट यांनी मला एक नमुना दिला आणि एकेका कलमाला दोन ओळी पुरतात असे सांगितले. काही कलमांना पुरल्या.

कलम १. राहते घर आमची मुलगी कोरीन हिला द्यावे. ती स्पोकेनला राहते आणि इकडे परत येणार नाही, हे मला माहीत आहे, तेव्हा घर विकताना तिचे मन तिला खाऊ नये. एप्रिलमध्ये तळघराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातून पाणी येते, एवढे घेणाऱ्याला आधी सांगावे. स्वयंपाकघरातला कोंबड्यांचा वॉलपेपर आर्डिथने निवडला होता. मला तो कधीच आवडला नाही. कोरीनने हवा तर काढावा. माझ्याने काढवला नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, कोरीनलाच द्यावी.

कलम ३. लेथ, रंधे, पटाश्या आणि कामाचे टेबल शेजारी लाइल व्हास्के याच्या सुनेला, बेथनीला द्यावे, कारण ती नेलेले हत्यार धार लावून परत करते. लाइलने पुराच्या वर्षी नेलेले खांब पुरायचे गिरमिट लाइलकडेच राहू द्यावे. ही भेट नव्हे. मागून मागून मी थकलो आहे.

हायस्कुलाला काही देऊ नये. यात राग नाही. सुतारकामाचा वर्ग बंद केल्यावर लेथ ठेवायला जागा नाही, असे त्यांनीच कळवले होते.

कलम ४. अंत्यविधी आमच्या लूथरन चर्चमध्ये व्हावा. भाषणे नकोत. जेवणात हॅम सँडविच आणि कॉफी ठेवावी. गाजर घातलेली हिरवी जेली कोणी आणलीच तर नाही म्हणू नये, पण पुढच्या टेबलावर मांडू नये.

कलम ५. हे 'खुली जनगणना' या वेबसाइटबद्दल आहे. आर्डिथच्या पश्चात ती माझ्या नावावर आली आहे. याला दोन ओळी पुरणार नाहीत.

पूर्वज शोधणाऱ्यांना पुढचे सांगावे लागत नाही. न्यायाधीश आणि कोरीन यांच्यासाठी लिहितो. जुन्या जनगणनेची हाताने लिहिलेली पाने मायक्रोफिल्मवर आहेत. ती वाचून, घरागणिक माणसे टाइप करून, कोणालाही फुकट शोधता यावीत म्हणून वेबसाइटवर ठेवायची, हे काम आर्डिथने आणि व्हर्ला हॉस्टेटरने हार्लोच्या वाचनालयात सुरू केले. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. हळूहळू राज्यभरातून स्वयंसेवक जमले. त्यांतले बहुतेक आमच्याच वयाचे होते.

प्रत्येक पानाखाली दोन नावे असत, उतरवणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे. दुसरे नाव पडल्याशिवाय पान वेबसाइटवर जाणार नाही, हा आर्डिथचा नियम. उतरवायला पुष्कळ लोक तयार असत, तपासायला कोणी फारसे येत नसे. न तपासलेल्या पानांचा ढीग वाढत गेला आणि त्यावरून एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात दोघींचे वाजले. मी सिंकखाली आडवा पडून नळ दुरुस्त करत होतो, त्यामुळे मला उठून जाता आले नाही.

"अगं, लोक वाट बघून मरतायत," व्हर्ला म्हणाली. "पोर्टलंडच्या त्या म्हाताऱ्याचं परत पत्र आलंय. त्याला त्याची आजी हवीय, तुझी तपासणी नकोय."

"आणि दुसऱ्याचीच आजी दिली तर?"

"तर तो कळवेल. आपण दुरुस्त करू."

"त्याला कसं कळणार? त्याने पाहिलीय का तिला?"

"आर्डिथ, तू स्वर्गाच्या दारात गेलीस तरी आधी विचारशील, ही यादी तपासली कुणी."

"विचारीनच. तू केलेली असेल तर आत पाऊलच टाकायची नाही."

मग व्हर्ला माझ्या पायांकडे वळून म्हणाली, "ऑरिन, तू तरी सांग हिला काहीतरी."

मी पाना मागितला. तो कोणी दिला नाही.

व्हर्ला गेली आणि निम्मे स्वयंसेवक घेऊन तिने 'हार्टलँड जनगणना' काढली. पाने उतरवली की लगेच वेबसाइटवर, चूक निघाली तर मागाहून दुरुस्ती, ही तिची रीत. राज्यात इतक्या काउंट्या असताना तिने पहिली बेकेट काउंटीच घेतली. तीच आर्डिथच्या हातात होती. त्यानंतर एकाच गावात, चार घरांच्या अंतरावर, दोन बायका तीच मेलेली माणसे टाइप करत बसल्या. एकीने दुसरीची वेबसाइट कधी उघडली नाही. आर्डिथ तिला 'ती हार्टलँडवाली' म्हणे. व्हर्ला हिला, कधी न चुकणारी म्हणून, 'पोपबाई' म्हणे, असे माझ्या कानावर आले होते. मी ते घरी सांगितले नाही.

आर्डिथने बेकेट काउंटी पुरी केली. सगळी, सगळ्या सालांची, एकटीने. पण तिला तपासणारे मिळेनात. जे जमण्यासारखे होते ते व्हर्लाबरोबर गेले होते, आणि उरलेल्यांना आपापल्या काउंट्या होत्या. नियम तिने स्वतःसाठीही मोडला नाही. म्हणून तिची पाने मागच्या खोलीतल्या संगणकात राहिली. ती बाहेरच्या कोणी पाहिलेली नाहीत.

तिच्या अंत्यविधीला व्हर्ला चीज घातलेल्या बटाट्यांचे मोठे भांडे घेऊन आली, शेवटच्या बाकावर बसली आणि भांडे न घेताच गेली.

उन्हाळ्यात हार्टलँडच्या समितीचे पत्र आले. दोन्हींकडचे लोक थकले आहेत, दोन्ही वेबसाइट एक कराव्यात. जी काउंटी दोघांकडे आहे तिची लोकांना आधीपासून दिसणारी प्रत ठेवावी आणि दुसरी काढून टाकावी. पत्र सभ्य होते आणि म्हणणे व्यवहाराला धरून होते. आमच्या बाजूला नवीन माणूस येत नाही, आणि माझ्यानंतर वेबसाइट चालवणारे कोणी नाही. पण या हिशेबाने आर्डिथचे काम कोणी एकदाही न पाहता पुसले जाणार होते. मी 'नाही' असे उत्तर पाठवले.

दुसऱ्याच दिवशी व्हर्ला दारात उभी.

"नुसतं 'नाही'? कारण तरी लिहायचं, ऑरिन."

"तुझं भांडं धुऊन ठेवलंय," मी म्हणालो.

ती आत येऊन आर्डिथच्या खुर्चीवर बसली, मग उठून दुसऱ्या खुर्चीवर बसली. "तिची पानं मागच्या खोलीत आहेत ना? मग टाक की वर. आता कोण अडवतंय तुला?"

"आर्डिथ."

मी कॉफी ठेवली.

"एक पान तरी दाखव," ती म्हणाली. "तुला पटवते. माझ्यात आहे तेच तिच्यात असणार. दोन कशाला ठेवायची?"

मी बेकेट काउंटीतल्या प्रेअरी क्रीक टाउनशिपचे, रेल्वे आली त्या सुमाराचे एक पान छापून आणले. तिने आपला संगणक उघडला आणि आम्ही एकेक घर मोठ्याने वाचू लागलो. पानाच्या तळाला एक नॉर्वेजियन लोहार आणि त्याची बायको होती.

"मुलं नाहीत," व्हर्ला म्हणाली.

"इथे तीन आहेत."

जनगणना करणाऱ्याच्या पानावरच्या ओळी संपल्या की कुटुंब मध्येच तुटते आणि उरलेली मुले पुढच्या पानाच्या डोक्यावर जातात. आर्डिथ पान उलटून पाहत असे. व्हर्लाकडे मात्र लवकर व्हावे म्हणून प्रत्येकाला सुटे पान वाटलेले. ज्याला पुढचे पान मिळाले त्याने ती तीन मुले खालच्या घरात घातली. त्या घरात दोन अविवाहित आयरिश भाऊ राहत होते.

व्हर्लाने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "इतकी वर्षं हे सगळ्यांसमोर आहे," ती म्हणाली. "एकानेही कळवलं नाही."

मी तिला कॉफी ओतली. ती तेच पान तळापासून वर परत वाचू लागली, आता हळू. लोहाराच्या वरच्याच घराशी थांबली.

"लोहाराच्या शेजारचं घर. हिच्यात गडी कुठाय?"

"कुठला गडी?"

"शेतावरचा गडी. अठरा वर्षांचा. माझ्यात आहे, हिच्यात नाही."

आम्ही मूळ पानाचा फोटो उघडला. गडी होता, दोन ओळींच्या मध्ये दाटीवाटीने लिहिलेला.

"आर्डिथने माणूस गाळला," व्हर्ला म्हणाली. "पोपबाईने माणूस गाळला, ऑरिन." ती बराच वेळ हसली. मग तिला रुमाल लागला. मी खिडकीबाहेर लाइलच्या कुंपणाकडे पाहत राहिलो.

मग ती म्हणाली, "एकमेकींचं न बघता आम्ही तेच पान दोनदा उतरवलं. दोन्ही शेजारी ठेवली की जिथे फरक तिथे चूक. आता मला सांग, तपासणी म्हणजे दुसरं काय असतं?"

"समजून केलं असतंत तर निम्म्या वेळात झालं असतं."

"समजून कोण करतंय? भांडलो म्हणून तर झालं."

तेव्हा माझ्या मृत्यूनंतर 'खुली जनगणना' ही वेबसाइट, तिचे पासवर्ड, आणि आर्डिथने उतरवलेली सर्व पाने व्हर्ला हॉस्टेटर हिला द्यावीत आणि दोन्ही प्रकल्प एक करावेत. अट एवढीच की कोणाचीही प्रत पुसू नये. दोन्ही ताडून पाहाव्यात, फरक दिसेल तिथे मूळ पान उघडावे, आणि ताडून झालेल्या पानाखाली दोघींची नावे घालावीत. एकत्र वेबसाइटचे नाव काय असावे हे समितीने ठरवावे. त्या बैठकीला मी नसेन याचे मला समाधान आहे.

हे कलम इथेच संपणार होते. मंगळवारी मी ते व्हर्लाला वाचून दाखवले, कारण घेणाऱ्याची तयारी आहे की नाही विचारून घ्यावे, असे प्रुइट म्हणाले होते.

"तयारी नाही," ती म्हणाली.

मी कारण विचारले.

"'माझ्या मृत्यूनंतर' म्हणे. तू मरायची वाट बघत बसू? माझं वय किती आहे माहितीय ना तुला? झडप बसवून तू नव्वदीपर्यंत जाशील आणि मी इकडे फाइल मागत बसेन."

"मग काय लिहू?"

"लिहू नकोस. संगणक उघड."

मी उघडला. ती रोज दुपारी येते. दोन्हींकडची पाने ती वाचते, मूळ पानाचा फोटो मी शोधून देतो, आणि चूक कोणाची निघाली हे ती मोठ्याने जाहीर करते. आर्डिथची निघाली तर जरा जास्तच मोठ्याने. न तपासता पान वर टाकायची घाई आता माझी असते, आणि "थांब, परत बघू दे," हे व्हर्ला म्हणते. ती कोणासारखी बोलते आहे हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

गुरुवारी दुपारी प्रेअरी क्रीकचे ते पान वेबसाइटवर गेले. तीन मुले लोहाराच्या घरी आहेत आणि गडी शेजारच्या घरी आहे. पानाखाली लिहिले आहे: उतरवणारी, आर्डिथ टेस्की. तपासणारी, व्हर्ला हॉस्टेटर.

म्हणून कलम ५ मी हयातीतच अमलात आणले आहे, आणि ते फक्त आमच्या हातून राहतील तेवढ्या पानांपुरते लागू समजावे. ती पुष्कळ आहेत. डॉक्टरांना मी तसे कळवले आहे.

कलम ६. या मृत्युपत्राचा अंमल कोरीनने करावा. वेबसाइटबाबत काही अडले तर तिने व्हर्लाला विचारावे आणि उत्तर लांबेल याची तयारी ठेवावी.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

(सही) ऑरिन टेस्की

व्हर्ला हॉस्टेटर हिला या मृत्युपत्राने काही मिळत असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. हे तिला आवडलेले नाही. मजकूर मात्र तिने शब्दन् शब्द तपासला आहे.

ऑरिन टेस्की यांनी आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली व त्यानंतर आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या:

(सही) ग्लेनिस ओबर, हार्लो. स्वयंसेविका, खुली जनगणना

(सही) मर्ल डिट्झ, हार्लो. स्वयंसेवक, हार्टलँड जनगणना

स्थळ: टेस्की यांचे स्वयंपाकघर, हार्लो, बेकेट काउंटी, आयोवा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३