शेक पिण्यामागचं कारण

आई,

तू उठायच्या आत निघतेय. धाकटा आहे त्याच हॉस्पिटलात आज मीही भरती होतेय. त्याला यकृताचा तुकडा मीच देणार आहे.

पहिल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी मला परत पाठवलं होतं. "यकृतावर चरबी फार आहे, वजन उतरवून या," म्हणाल्या. त्यांनी आखून दिलेल्या कॅलरीत बसायचं म्हणून मी जेवण सोडून ते प्रोटीनचे शेक प्यायले. तू ताट वाढून बसायचीस आणि मी मिक्सर लावायचे. "या वयात कुणाला दाखवायचंय रूप?" असं तू म्हणालीस, तेव्हा खरं कारण अगदी जिभेवर आलं होतं. पण पुन्हा नापास झाले असते, तर तुला उगाच आशा लावल्यासारखं झालं असतं.

काल रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "शाब्बास! हे तुम्ही केलंत?" मी ताठ मानेनं "हो" म्हटलं. जन्मभर मला ढोली म्हणणाऱ्या धाकट्याला आता माझंच वजन पोटात घेऊन हिंडायचंय!

फ्रिजमधला शेक ओतून दे. तू पोटभर जेवून दुपारी ये. रडायचं असेल तर घरीच रडून घे, तिथे मला मिरवायचंय.

तुझी थोरली