काट्यावरचं कमळ

कसबा बावडा, कोल्हापूर
दि. ६ नोव्हेंबर १९७४

चि. अंबूस दादाचे अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, पण माझ्यावर कुरकुरण्याइतकी ताकद तिच्यात शिल्लक आहे, तेव्हा काळजी नसावी.

परवा तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना पुन्हा भेटलो. ते म्हणाले, एक डोळा गेला तो गेला. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेऊन या, आत फुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही. तू एस.टी.त पुन्हा पाय ठेवणार नाहीस, हे मागल्या खेपेला गडहिंग्लजच्या स्टँडवर ओकता ओकता अख्ख्या गर्दीला ऐकवलंसच. म्हणजे सगळी भिस्त आमच्या चिरंजीवांच्या, सयाजीच्या मैनेवर.

मैना म्हणजे गाडी, हे तुला ठाऊक आहे. पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या सुगराला सांग. सांगाडा लिलावातल्या जीपचा, इंजिन मोडीतल्या मोटारीचं, आणि पत्रा ठोकून अंग घडवलं ते सयाजीच्या दोस्तानं, फक्रुद्दीननं. काळीभोर, नाकाडापुरती पिवळी, म्हणून मैना. अंगणात उभी राहिली की मला शाळेतल्या कविता आठवतात.

पण अंबू, एक विघ्न आलंय. इंजिनातलं तेल पंपानं दाब देऊन सगळीकडं पोचवावं लागतं. तो दाब दाखवणारा काटा सयाजीनं जुन्या बाजारातनं आणला. तबकडी गंजलेली, म्हणून रंगवायला माझ्याकडं दिली. मी फळ्यावर काढायचो तसे मराठी आकडे काढले. तळाशी काही बारीक इंग्रजी होतं, कंपनीचं नाव असावं. ते झाकून तिथं एक कमळ काढलं. फार गोड दिसतं. आणि काटा बसवल्या दिवसापासून मैना आजारी! गरम झाली की काटा तिनाच्या वर चढत नाही. सयाजीला वाटतं, काटा कुठल्या तरी ऑईल इंजिनाचा असणार, म्हणून आकडे लहान. पण चाळीस पौंड पाहिजेत तिथं तीनच पौंड, म्हणजे आतल्या बेअरिंगा खलास. इंजिन उतरवायची पाळी आली तर संक्रांत उजाडेल, आणि डॉक्टर तर संक्रांतीपर्यंत थांबू नका म्हणतात.

लोभ आहेच, त्यात आणखी मावेल तेवढा भरत जावा.

तुझा दादा


नेसरी
दि. १४ नोव्हेंबर १९७४

ती. दादास अंबूबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुजं पत्र सुगरानं दोनदा वाचून दाखवलं. मैनेचं प्रेशर उतरलंय म्हणतोस. गेल्या साली माजं बी उतरलंतं, तवा डाक्टरनं मीठ घालून लिंबूपाणी पाजलंतं. तिला काय पाजतासा ते तुमी बगा. हे लिवू नका म्हणून सुगरा हसाय लागलीया. मी म्हटलं, लिव की, माजा भाऊ हाय.

भाड्याची मोटार करूया म्हणून वैनींनी निरोप धाडलाय. नगं. परक्या डायवरच्या गाडीत ओकाय लाज वाटती. सयाजी माज्या मांडीवर वाढलाय, त्याच्या गाडीत ओकलं तर त्यो काय बोलायचा न्हाई. त्याची गाडी बरी झाली की ईन. न्हाई झाली तर ऱ्हाऊ दे. आता नवं काय बगायचं ऱ्हायलंय? आपलं चौथीचं कवितेचं पुस्तक तेवढं ट्रंकेत हाय. कुठली कविता कुठल्या पानावर ते हात फिरवून कळतंय. वाचाय येत न्हाई, एवढंच.

फक्रुद्दीनला सांग, माज्या अंगाची खिडकी मोठी ठेव म्हणावं.

सगळ्यांनी मला इसरू नये, आणि आठवण आली तर लगेच कळवावं.

तुजी अंबू

(गुरुजी, मी सुगरा. आत्यांनी लिहू नको म्हटलेलं लिहिते. मंगळवारी त्यांनी चुलीतलं लाकूड जळत्या टोकाकडनं धरलं. हात भाजलाय, बरा होतोय. गाडीचं लवकर बघा.)


कसबा बावडा, कोल्हापूर
दि. २० नोव्हेंबर १९७४

चि. अंबूस दादाचे अ. उ. आ.

सुगराच्या कंसातल्या ओळी वाचल्या. मला रागवायचं होतं, पण रागाचं वाक्य जुळेना. वहिनीनं मात्र दोन्ही वेळचं जेवण तुला नावं ठेवत केलं.

मैनेला जाड तेल पाजलं, काटा तीन. तेलाचं भांडं उतरवून जाळी धुतली, दाबाची स्प्रिंग नवी घातली, काटा तीन. बेअरिंगांच्या टोप्या सोडून बघितल्या, तर त्यात तोंड दिसावं इतक्या चकचकीत! मग दाब जातो कुठं? सयाजी म्हणतो, आत डोळ्याला न दिसणारी गळती असणार. सोमवारी इंजिन उतरवायचं ठरवलंय त्यानं. फक्रुद्दीनला ते पटत नाही. त्यानं इंजिनाला पेचकस लावून मूठ कानाशी धरली आणि म्हणाला, तेलावाचून राहिलेलं इंजिन तांबटाच्या दुकानागत ठणाणतं, हे तर पोट भरलेल्या मांजरागत घुरघुरतंय. सयाजी चिडून म्हणाला, तुझा कान खरा मानू की डोळ्यासमोरचा काटा? दोघं दोन दिशेला तोंड करून चहा प्याले.

मला आपली ती शाळेतली बसायची पट्टी आठवते. दोघांत एक पुस्तक. तू मोठ्यानं कविता म्हणायचीस आणि मी पानावर चित्रं काढायचो. तुझी चौथीनंतर शाळा सुटली, पुस्तक मात्र तू सोडलं नाहीस. अंबू, मैनेनं दगा दिला तर एस.टी.त तुझ्या शेजारी मी बसेन, तुझ्या तोंडापुढं पिशवी मी धरीन. पण नाही म्हणू नकोस.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
दादा


कसबा बावडा, कोल्हापूर
दि. २६ नोव्हेंबर १९७४

चि. अंबूस दादाचे अ. उ. आ.

अंबू, बोचकं बांध!

काल इंजिन उचलायला साखळ्या आल्या. हुक अडकवायच्या आधी फक्रुद्दीन म्हणाला, एकच काम करू दे. त्यानं त्याच्या कारखान्यातला एक चांगला काटा आणला होता. माझा काढून त्याच नळीला तो जोडला. मैना चालू केली, गरम होऊ दिली. काटा चाळिसाच्या पुढं गेला आणि तिथंच उभा राहिला!

इंजिन तेच, नळी तीच. सयाजी म्हणाला, दोन काट्यांतला एक खोटं बोलतोय. फक्रुद्दीननं माझी तबकडी उजेडात धरली आणि नखानं कमळ खरवडायला लागला. मी ओरडलो. एक पाकळी निघाली, दुसरी निघाली, आणि खालून अक्षरं आली: के.जी. माझा काटा पौंडाचा नव्हेच, किलोचा! दाबाचा किलो चौरस सेंटिमीटरवर मोजतात आणि पौंड चौरस इंचावर, म्हणून इथं किलोचा एक म्हणजे पौंडाचे चौदा. तीन म्हणजे बेचाळीस. मैना एक दिवसही आजारी नव्हती.

सयाजी जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसला. फक्रुद्दीन म्हणाला, काटा बी खरा, कान बी खरा, खोटं एकटं फूल. तुझी वहिनी म्हणाली, शेर जाऊन किलो आले तेव्हा अख्ख्या बावड्याच्या पोरांना ह्यांनीच शिकवलं, आणि घरातला किलो ह्यांनीच फुलाखाली पुरला. मला इतकं हलकं वाटत होतं की मीच मीठ-लिंबूपाणी मागून प्यालो.

माझा काटा पुन्हा बसवलाय. कमळही पुन्हा काढलंय, यावेळी मधोमध ‘किलो’ लिहून. येत्या रविवारी सकाळी सयाजी आणि मी तुझ्या दारात हॉर्न वाजवू. खिडकी मोठी आहे. पाहिजे तितकं ओक.

दाराकडं कान ठेवावा ही विनंती.

तुझा दादा


नेसरी
दि. ९ फेब्रुवारी १९७५

ती. दादास अंबूचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, हसू नगंस. सुगरा शेजारी बसलीया, पण लेखणी माज्या हातात हाय.

काल दोन म्हयन्यांनी सयाजीनं सुखरूप घरी सोडलं. गडहिंग्लजपतूर काय झालं न्हाई. तिथं स्टँडपाशी आल्यावर मातर पोटाला जुनी आठवण झाली. सयाजीनं गाडी थांबवली आणि तोंडातनं शबूद काढला न्हाई. म्हटलं नव्हतं मी?

वाटभर मी काट्याकडंच बगत हुते. तीन, अजून तीन, म्हणून सांगत हुते. सयाजी म्हणला, आत्या, आपरेशन हून नवा चष्मा लागलाय, भाईर ऊस बग, डोंगर बग. मी म्हटलं, ऊस मला ठावं हाय, हे माज्या दादाचं अक्षर हाय. तुज्या तिनाची शेपटी अजून वरच वळती की रं, पाटीवर वळायची तशी.

आज सकाळी ट्रंकेतनं पुस्तक काढलं. पानापानावर तू काढलेली कमळं हाईत. मी पार इसरले हुते. एका कवितेची शेवटची वळ कमळाखाली गेलीया, दिसतच न्हाई. सुगरा म्हणाली, नखानं खरवडून बगूया काय?

मी तिचा हात धरला. म्हटलं, ऱ्हाऊ दे. त्याखाली काय हाय ते मला पाठ हाय.

वैनींना नमस्कार, फक्रुद्दीनला आशीर्वाद, मैनेला लिंबूपाणी. आता पत्र थेट मला लिव, मी वाचते.

तुजी अंबू