एक जूनचं आमंत्रण

कंधार, दि. २० मे २०२५

चि. शिल्पा हिस दगडोबाकाकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तुझी काकू लोणच्याच्या कैऱ्या फोडून राहिली.

तू लातूरच्या पक्षकचेरीत लागल्यापासून पक्ष लई नवा झाला म्हणतात. नवा झेंडा, मोबाइलवर ॲप, मतदाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा. होऊ दे बाई. मागच्या निवडणुकीत आपल्याच गल्लीनं आपल्याला पाडलं. माझा बालमित्र विरूपाक्षसुद्धा पलीकडं गेला आणि तेव्हापासून दारावरून मान खाली घालून जातो. मतं गेली ते पचलं, पण सकाळचा चहा एकट्यानं गोड लागत न्हाई. तुझ्या ॲपनं तेवढा एक माणूस परत आणला तरी बास.

जिवाला जप. लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा काका,
दगडोबा

लातूर, दि. २६ मे २०२५

ती. काकांस शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काळजी सोडा. सदस्यनोंदणीच्या जुन्या अर्जांवरून गल्लीतल्या सगळ्यांचे नंबर आणि जन्मतारखा ॲपनं स्वतःच उचलल्यात. विरूपाक्षकाकांनाही शुभेच्छा जातील, गल्लीतले पक्षाचे कार्यकर्ते म्हणून तुमच्या फोटोसकट. फक्त तुमचा फोन चार्ज ठेवा. तुम्हाला फोन लावणं म्हणजे कोरड्या विहिरीत हाक मारणं.

काकूंना नमस्कार. लोणच्याच्या बरणीत माझा वाटा असू द्या, आणि मनातही.
आपली,
शिल्पा

कंधार, दि. २ जून २०२५

चि. शिल्पा हिस आशीर्वाद.

अगं, काय करून ठेवलंस! आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लिहिला, हे विसरलीस? तुझ्या बापाचाही तोच. काल सकाळी गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांचे मोबाइल एकदम वाजले आणि प्रत्येकात माझं थोबाड! पारावर लोकांची हसून पुरेवाट. जो तो विचारी, दगडोबा, केक कुठाय. पक्षाची उरलीसुरली अब्रूही गेली म्हणून मी घरात तोंड लपवून बसलो.

तुझ्या काकूला मात्र चेव आला. ती म्हणाली की शुभेच्छा दिल्या तर तोंडही गोड करा, आणि अंगणात गूळ-गव्हाच्या हुग्गीचं पातेलं चढवलं. साऱ्या पक्षांचे म्हातारे जमले. शेजारच्या सिंधुबाईला जन्मात पहिल्यांदा कुणी ओवाळलं. ती डोळे पुसत जेवली. मला लई बरं वाटलं.

शेवटी विरूपाक्ष आला. म्हणाला की गुरुजींनी आपल्याला एकाच बाकावर बसवून ही तारीख दिली, मग हुग्गी एकट्यानं खातोस कसा. मी मताचं काढलं नाही. त्यानंच निघताना सांगितलं की मत कुणाला ते मशीनलाच ठाऊक, पण उद्यापासून चहाला कप दोन मांड.

आज मांडले. त्याला साखर कमी लागते, ते काकूच्या ध्यानात होतं.

पक्षाचं तू बघ. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा काका,
दगडोबा