आतल्या शिवणीतला धागा

१२ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अ. उ. आ.

महिन्याभरानं तुझं पत्र आलं, तेही चार ओळींचं. रफू करणारा माणूस धागा जपून वापरतो हे ठाऊक आहे, पण शाईसुद्धा? इकडे सगळं ठीक. तुझ्या मेहुण्यांचा गुडघा कुरकुरतो आणि ते त्याहून जास्त.

सोबत पुन्हा चूर्ण पाठवते. भावजयीला सांग, सकाळी कोमट पाण्यातून, न चुकता. लग्नाला आठ वर्षं होतील आता. तिनं एकदा स्वतःला नीट तपासून घ्यावं असं मागेही लिहिलं होतं, तर उत्तरात तिचं नुसतं ‘घेईन, ताई’. तिला याचं काही पडलेलंच नाही की काय, अशी शंका येते.

राग आला तर येऊ दे, लोभ मात्र आटवू नकोस.

तुझी ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोनला सगळ्या घराचे कान असतात, म्हणून लिहितो. दोष तिच्यात नाही, माझ्यात आहे. सात वर्षांपूर्वीच कळलं की माझ्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही. मग एका दवाखान्यात अंडकोषात सुई घालून पाहिलं. कागद आला, ‘काही सापडलं नाही.’ तो मी दुकानातल्या टेबलाच्या खणात टाकला आणि विषय मिटवला. तुला कळू द्यायचं नाही ही अट माझी. तिनं ती पाळली आणि तुझी बोलणी मुकाट्यानं खाल्ली. तुझी चूर्णं मात्र तिनं वाया घालवली नाहीत, सगळी मलाच पाजली. फार कडू होती, ताई.

आता पुढचं. गेल्या महिन्यात एक जळका कोट आला. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. रफूचा धागा त्याच कपड्याच्या आतून काढायचा, आणि सगळ्या शिवणी उसवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. मी खालची दुमड पाहिली, खिशाची आतली बाजू पाहिली, शेवटी कॉलरखालच्या पट्टीत धागा मिळाला. शेजारी ती इस्त्री करत होती. तिनं वर न बघता विचारलं की लोकांच्या कोटाच्या सगळ्या शिवणी उसवता, मग स्वतःच्या बाबतीत एका टाक्यावर कसे थांबलात. त्याच आठवड्यात आम्ही दुसऱ्या दवाखान्यात नाव नोंदवलं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सुई जिथे टोचते तिथलंच कळतं. त्या भूल देऊन अंडकोष उघडणार आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या बारीक नळ्या कोपरान् कोपरा पाहणार. एखाद्या कोपऱ्यात शुक्रजंतू तयार होत असतील तर तेवढा तुकडा काढायचा. मिळण्याची शक्यता निम्मी. १७ मार्चला ऑपरेशन, त्याच सकाळी तिची स्त्रीबीजंही काढतील. मला कापाकापीची भीती नाही. पुन्हा रिकामा कागद आला तर तिच्याकडे कसं बघू, याची आहे.

सात वर्षं खोटा वागलो. तरी लोभ ठेव.

तुझा बारक्या

६ मार्च

चि. सौ. भावजयीस, अ. उ. आ.

हे पत्र तुझं आहे, बारक्याला वाचायला देऊ नकोस. एवढी वर्षं मी तुला टोचून लिहिलं आणि तू दर वेळी ‘आपली लाडकी’ अशी सही केलीस. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. मी चुकले. तुझी माफी मागते. तुम्हाला मूल झालं नाही तरी या पत्रातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

बोलावलंस तर सतरा तारखेला डबा घेऊन येईन. लोभ मागायला तोंड नाही, उरला असेल तेवढा दे.

ताई

१९ मार्च

ती. ताईंस, सा. न. वि. वि.

येऊ नका म्हटलं ते रागानं नव्हे. रडायची वेळ आली तर आम्हाला दोघांनाच जागा हवी होती.

ऑपरेशन अडीच तास चाललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नळ्या जरा भरलेल्या दिसल्या, त्या काढल्यात, आता शोधायचं काम प्रयोगशाळेचं. तिथे एकच बाई. तीन वाजता विचारलं तर अजून काही नाही म्हणाल्या. तुमचं पत्र पर्समध्ये होतं, ते काढून पुन्हा वाचलं. साडेपाचला बाई बाहेर आल्या, डोळ्यांभोवती भिंगाचे वळ उमटलेले. सात सापडले म्हणाल्या, मंद आहेत पण हलताहेत. माझी बीजं पाच. एकेका बीजात एकेक सोडलाय.

हे अर्धवट गुंगीत होते. कुठे सापडले, एवढंच विचारलं. अगदी शेवटी पाहिलेल्या कोपऱ्यात, असं सांगितल्यावर ‘कॉलरखाली’ म्हणाले आणि झोपले.

पुढे काय होईल माहीत नाही. लोभ भरपूर उरला आहे, ताई.

आपली लाडकी

१० डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच असं लिहिणार होतो, पण तुझा आनंदाचा आरडाओरडा फोनवर साऱ्या वॉर्डानं ऐकला. मुलगी झोपली आहे, तिची आईही. आता मात्र ये. हे बोलावणं तिचं आहे, मी नुसता लेखनिक. चूर्ण आणू नकोस.

एक सांगायचं राहिलं होतं. प्रयोगशाळेतल्या बाई आमच्याकडून काहीच घेईनात. फार मागे लागलो तेव्हा त्यांनी कोपरावर फाटलेला एक स्वेटर आणून दिला, त्यांच्या आईनं विणलेला. मी आतल्या दुमडीतून लोकर काढली आणि आठवडाभर बसून रफू केला. त्यांनी तो दुपारच्या सुट्टीत भिंगाखाली धरून भोक कुठे होतं ते शोधलं, आणि काल दवाखान्याच्या कागदावर निकाल पाठवला, खाली सहीसकट. ‘काही सापडलं नाही.’

तो कागद मी खणात जुन्या कागदावर ठेवला आहे. आलीस की दोन्ही दाखवीन.

लोभ आता तिघांना पुरेल असा घेऊन ये.

तुझा बारक्या