तुमच्या हायड्रेंजियाबद्दल

ती. पोलिक्सेनी वन्संना,

फोतिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या पेलियोन डोंगरातला पाऊस, तिघांचं कसं काय? इथे सासूबाई ठणठणीत आहेत (काल मला दोनदा झापलं, त्यावरून कळलं). पाऊस एप्रिलपासून नाही आणि ऑक्टोबरपर्यंत यायचाही नाही, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती तुमच्या धाकट्या भावाबद्दल, आमच्या अर्गिरिसबद्दल.

जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळलेला माणूस निवृत्त होऊन बागेत शिरला की काय होतं, ते माझ्या लव्हेंडरला विचारा. (विचारता यायचं नाही, ती गेली.) आपल्या बेटावरची झुडपं उन्हाळाभर झोपतात. पानं करडी पडतात, फांद्यांच्या काड्या होतात, आणि पहिला पाऊस झाला की पुन्हा उठून बसतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अर्गिरिसना मात्र दया आली. भर दुपारी बादली घेऊन हजर!

"अहो, झोपलीत ती. उठवू नका," मी म्हटलं.

"मेलेल्याला झोपलेला म्हणणारी तूच एक!" म्हणून बादली रिकामी. तापल्या मातीत पाणी मुरलं, मुळं कुजली आणि झुडपं खरोखरच मेली. "बघ, मी म्हणत नव्हतो?" हे वर! (त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा अर्धी बादली सासूबाईंच्या हिरव्या शालीवर गेली. शालीत सासूबाई होत्या.)

अशा घरात ह्यांच्या नामदिनाला तुम्ही निळ्या फुलांची हायड्रेंजिया पाठवलीत. तुमच्या डोंगरात ती गवतासारखी माजते, तेव्हा प्रेमानेच पाठवली असणार. पण तिला ऊन सोसेना, म्हणून समुद्रावरची मोठी छत्री अंगणात आली. ऊन सरकेल तशी हे छत्री सरकवत बसतात. सासूबाई म्हणाल्या, "मलाही त्या कुंडीशेजारी ठेव रे, पोटच्या पोराकडून तेवढी तरी सावली मिळेल."

पाण्याचं तर विचारूच नका. हिवाळ्यात टाक्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर आम्हाला उन्हाळा काढायचा असतो. ऑगस्टात मरियामातेच्या सणाला प्रार्थना आटोपून पाद्री लुकास आणि अर्धं गाव कॉफीला आलं. मी टाक्यात बादली सोडली, ती तळावर खणकन आपटली. सगळं पाणी महाराणी प्यायल्या होत्या! कॉफी कशाची करू, कपाळाची? भर सकाळी सगळ्यांना बिनपाण्याची ऊझो दारू दिली. पाद्रीबाबा जाताना आशीर्वाद द्यायला उठले ते आमचं पुन्हा लग्न लावूनच गेले. मी नको नको म्हणत होते.

तेव्हा हात जोडून सांगते, ह्यापुढे आमच्याकडे झाड म्हणून पाठवू नका. चेस्टनट पाठवा, चीज पाठवा, हवं तर भावोजींना पाठवा.

तुमची भावजय,
फोतिनी

ता. क. हे अथेन्सला आहेत. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. फोनवर डोळ्याबद्दल चकार शब्द नाही. "ती कशी आहे?" एवढंच. "मजेत," मी म्हटलं. खरं सांगायचं तर आपल्या चुनखडीच्या मातीत ती गुलाबी पडते. तिने निळं राहावं म्हणून ह्यांनी जाण्याआधी कुंडीत गंजके खिळे पुरले. खिळे फाटकाचे. परवा फाटक पडलं आणि पाद्रीबाबांची शेळी आत शिरली. कुंडी शाबूत आहे.

पट्टी सुटल्यावर घरी येऊन हे पहिल्यांदा काय बघणार ते मला पक्कं ठाऊक आहे (मला नाही). तरी वन्सं, ती मिटलेली छत्री बघवत नाही हो. कालपासून रिकाम्या कुंडीवर उघडून ठेवते आहे.

ता. ता. क. शनिवारच्या बोटीने तेवढ्याच उंचीचं एक झाड पाठवा. पण निळंच. गुलाबी आलं, तर ऑपरेशन फसलं म्हणून हे पुन्हा अथेन्स गाठतील.